मेलेला किडा आणि मामेभावाचा ड्रॅगन

माझा भाचा सुट्टीला जळगावला आलाय. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, दुपारी ओट्यावर अनवाणी पाय ठेवला तर तळव्याची भाकरी होते, म्हणून पोरगं दिवसभर कूलरसमोर आडवं आणि हातात मोबाइल. मी आधी लक्षच दिलं नाही, असेल काहीतरी गाड्या ठोकायचा गेम. परवा रात्री जेवण झाल्यावर त्याच्या शेजारी लवंडलो आणि सहज स्क्रीनकडे बघितलं तर यु-गि-ओ, तो मॉन्स्टरच्या पत्त्यांचा खेळ, आणि त्यात मॅन-ईटर बग. तोच किडा. वीस वर्षांनी दिसला पण लांबून ओळखला.

भाच्यानं किडा पालथा ठेवलेला, समोरच्यानं कुठला तरी भला दांडगा मॉन्स्टर त्याच्या अंगावर घातला, किडा उलटला, आकडे झाले, आणि गेमनं भाच्याला विचारलं की कुणाला उडवायचं. त्यानं बोट लावलं, समोरचा दांडगा फुटला. आणि त्याच्यानंतर, म्हणजे तो फुटून झाल्यावर, मग आपला किडा गेला. मी उठूनच बसलो. म्हटलं थांब थांब, मागं घे जरा. तो म्हणे, मामा हे काय यूट्यूब आहे का.

तर ही सगळी पोस्ट त्या दोन सेकंदांवर आहे. कारण त्याच दोन सेकंदांवरून २००६च्या आखाजीला माझं आणि मामेभावाचं असं वाजलं होतं की दोन दिवस आम्ही एका ताटात जेवलो नाही.

मामाचं गाव अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना लागतं. आखाजी म्हणजे आमच्याकडे घरोघरी घागर भरतात, पुरणपोळी न् आमरस, पोरीबाळी निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात, आणि बाप्यांचे पत्ते. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूससुद्धा त्या दिवशी गोधडी अंथरून बसतो. मामा निंबाखाली डावात, आणि आम्ही दोघं ओट्यावर आमचे पत्ते घेऊन. आमचे म्हणजे यु-गि-ओ. अमळनेरच्या एका टपरीवर पाकीट मिळायचं, अर्थातच डुप्लिकेट, कागद इतका पातळ की उन्हाकडे धरलं तर पलीकडचा ड्रॅगन दिसायचा, खालचा मजकूर मुंग्या चालल्यासारखा. तो वाचायची सोय नव्हती, आणि वाचता आला असता तरी इंग्रजीत होता, तेव्हा वरचं चित्र बघायचं न् खालचे दोन आकडे बघायचे, बास. मामेभावाकडे ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन चार होते. नियमानं एका डेकमध्ये एका नावाची तीनच कार्डं चालतात हे आम्हाला कोण सांगणार.

नियम सगळे टीव्हीवरून उचललेले. आणि टीव्हीवरचे सुरुवातीचे एपिसोड ज्यांनी बघितलेत त्यांना माहितीये की तिथं नियम म्हणजे काय होतं ते. प्रत्येकी लाइफ पॉइंट (ते संपले की हरलात) २०००, कितीही मोठा मॉन्स्टर हातातून सरळ खाली टाका, आणि एका एपिसोडात तर हिरो चक्क चंद्रावर अटॅक करतो, चंद्र फुटतो, भरती ओसरते, समुद्रातले मॉन्स्टर उघडे पडतात. हे बघून शिकलेली पोरं आम्ही. खऱ्या खेळात, म्हणजे कोनामीनं जपानमध्ये १९९९ला जो पत्त्यांचा खेळ काढला न् २००२ला अमेरिकेत इंग्रजीत आणला, त्याच्यात लाइफ पॉइंट ८०००. चार स्टारपर्यंतचा मॉन्स्टर फुकट, पाच-सहा स्टारला आपल्याच एका मॉन्स्टरचा बळी, सात न् वरती गेलं की दोघांचा. ब्लू-आईज आठ स्टारचा आहे. मामेभाऊ तो पहिल्याच चालीत ओट्यावर आपटायचा, असा आवाज करून की मामी आतून ओरडायची.

आता भांडण काय झालं ते. त्याच्याकडे दोन मॉन्स्टर, ब्लू-आईज ३०००चा आणि बाजूला ला जिन, तो दिव्यातला राक्षस, १८००चा. माझ्याकडे फक्त एक पालथं कार्ड. माझे पॉइंट उरलेले १२००, कोळशानं ओट्यावर लिहिलेले, अजून डोळ्यासमोर आहेत. त्यानं ब्लू-आईजनं माझ्या पालथ्यावर अटॅक केला. मी कार्ड उलटं केलं, मॅन-ईटर बग, ४५०/६००. आणि मी ओरडलो, याचा इफेक्ट आहे, उलटला की एक मॉन्स्टर मारतो, तुझा ड्रॅगन मेला, न् बोट त्याच्या ड्रॅगनवर ठेवलं. इफेक्ट मला पाठ होता कारण टीव्हीवर बघितला होता. तो म्हणे, "तुना किडा तं आधीच मरी गया! मरेल मानूस काय मारस?"

आणि त्याचं म्हणणं बाराव्या वर्षी मला खोडता येईना, हाच तर त्रास होता. तीन हजार समोर, सहाशे इकडे, किडा मेला हे तर उघड आहे. मेलेला कसा काय मारणार. मी नुसता ओरडत राहिलो की आधी उलटला, आधी उलटला. शेवटी मामाकडे गेलो निंबाखाली. मामानं पत्त्यातून मान वर न करता सांगितलं, "आमनामा एक्का मोठा. तुमनामा कोन मोठा ते तुम्हीच दखी ल्या." तोवर धक्काबुक्की सुरू झालेली, मामीनं येऊन सगळी कार्डं गोळा केली न् धान्याच्या कोठीवर टाकली, ती तिथंच राहिली, पुढं कधी उंदरांनी खाल्ली का काय देव जाणे.

तर परवा रात्री भाचा झोपल्यावर मी त्या खेळाचं नियमांचं पुस्तक उघडून बसलो, पहाटे दोनपर्यंत. बायको म्हणे इन्कम टॅक्सचं पण असंच वाचत जा.

खेळ न माहीत असणाऱ्यांसाठी आधी साधी गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं ते रेसलिंगच्या ट्रंप कार्डांसारखं असेल, वजन बोल, मोठा आकडा जिंकला, कार्ड माझं. तसं नाहीये. मॉन्स्टरला दोन आकडे असतात, मारायचा वेगळा न् झेलायचा वेगळा. कार्ड उभं ठेवलं तर अटॅक पोझिशन, आडवं ठेवलं तर डिफेन्स. अटॅक करायचा तर उभा मॉन्स्टरच लागतो, आणि एका मॉन्स्टरला एका टर्नला एकच अटॅक. जो पहिला टर्न खेळतो त्याला तर त्या टर्नला अटॅकच नाही.

उभ्यानं उभ्यावर अटॅक केला तर मारायचा आकडा दोघांचा बघायचा, लहानवाला फुटतो आणि जेवढा फरक तेवढे त्याच्या मालकाचे पॉइंट कापले जातात. ला जिन १८००, सेल्टिक गार्डियन १४००, गार्डियन गेला न् वर मालकाला चारशेचा चुना. बरोबरी झाली तर दोघं फुटतात न् पॉइंट कुणाचेच जात नाहीत. दोघं शून्य असले तर मात्र कोणीच मरत नाही, नुसते एकमेकांना बघत बसतात, सासरच्या लग्नात जावई बसतात तसे.

पण समोरचा आडवा असला की हिशोबच बदलतो. मग त्याचा झेलायचा आकडा लागतो. तुमचा मोठा असला तर तो फुटतो, पण मालकाला ओरखडासुद्धा नाही, फरक कितीही असो. माझा पालथा किडा आडवाच होता, त्याच्या केसमध्ये तीन हजार वजा सहाशे, चोवीसशेचा फरक, माझे कापले किती? शून्य. आम्ही तेव्हा हे पण चुकीचं खेळायचो, कापायचो. आरपार मारणारे काही स्पेशल मॉन्स्टर असतात त्यांचं वेगळं, स्पिअर ड्रॅगन वगैरे, ते फरक वसूल करतात. बरोबरी झाली तर दोघं जिवंत. आणि तुमचा आकडा कमी पडला तर मरत कोणीच नाही, पण फरक तुमच्या खात्यातून जातो, म्हणजे भिंतीवर डोकं आपटल्यासारखं, भिंत तिथंच, टेंगूळ आपल्याला.

याच्यात माझा आवडता बिग शील्ड गार्डना आहे. मारायला १००, झेलायला २६००. डार्क मॅजिशियन २५००चा, त्यानं जरी आपटलं तरी शंभर पॉइंट त्याच्याच मालकाचे जातात. पण या ढालवाल्याची खोड अशी की त्याच्यावर एकदा अटॅक झाला की तो अटॅक संपताना आपोआप उभा होतो. आणि उभा झाला की आता त्याचा आकडा १००. म्हणजे समोरच्याकडे दुसरा एखादा मॉन्स्टर शिल्लक असला, समजा तोच १८००चा ला जिन, तर सतराशे एका झटक्यात गेले. पहिल्या अटॅकला छाती काढायची न् दुसऱ्याला तोंडावर पडायचं. आमच्या ऑफिसात असा एक माणूस आहे, पण जाऊ द्या.

आणि समोर मॉन्स्टरच नसला तर सरळ मालकावर अटॅक, अख्खा आकडा कापला जातो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे.

एवढं झालं अंकगणित, हे चौथीतल्या पोराला येतं. खरी मजा हे आकडे कधी बघायचे त्याच्यात आहे, आणि आमचं भांडण पण तिथंच अडकलं होतं. आम्हाला वाटायचं अटॅक म्हणजे एक फटका, धाडकन, झालं. पुस्तकात त्या एका फटक्याचे इतके तुकडे केलेत की वाचताना मला आपली जमिनीची मोजणी आठवली.

आधी तुम्ही बोलता, याच्यानं त्याच्यावर अटॅक. अजून काही झालेलं नाही, फक्त बोललात. इथं समोरचा ट्रॅप, म्हणजे आधी पालथं लावून ठेवलेलं सापळ्याचं कार्ड, उघडू शकतो. मिरर फोर्स इथलाच, अटॅक जाहीर झाला रे झाला की अटॅक करणाऱ्याचे उभे असलेले सगळे मॉन्स्टर साफ. आणि समजा या मधल्या वेळात समोरच्याच्या बाजूला एखादा मॉन्स्टर कमी झाला का वाढला, तर अटॅक करणाऱ्याला पुन्हा विचारतात, बोल आता कुणावर. त्याला वाटलं तर रद्दही करता येतो, पण मग त्या मॉन्स्टरची पाळी गेलीच, बोललास ना एकदा.

हे निभावलं की मग सुरू होते डॅमेज स्टेप. आणि इथून पुढं दार बंद. मिरर फोर्ससारखी कार्डं आता चालत नाहीत, वेळ गेली. आता चालतात मुख्यतः आकडे वरखाली करणारी कार्डं, काउंटर ट्रॅप, आणि ज्यांच्यावर स्पष्ट लिहिलंय अशी. परीक्षेच्या हॉलमध्ये घंटा झाल्यावर कसं, पेन-पट्टी चालेल, वही बाहेर.

या डॅमेज स्टेपचे परत आत पाच तुकडे. अगदी सुरुवातीचा एक क्षण असतो, पालथं कार्ड अजून पालथंच. या क्षणाचा फायदा घेणारे चोर आहेत, मिस्टिक स्वोर्ड्समन एलव्ही २ म्हणून एक आहे, मारायला फक्त ९००, पण तो पालथ्या कार्डावर गेला तर ते न उलटताच फोडतो. उलटलंच नाही तर कसला इफेक्ट न् कसलं काय. मामेभावाकडे ब्लू-आईजऐवजी हा नऊशेवाला असता तर माझा किडा खरोखर मुक्यानं मेला असता आणि भांडणाला जागाच नव्हती. तीन हजारवाल्याला जे जमत नाही ते नऊशेवाला करतो, हा खेळ मला का आवडतो ते इथं कळतं.

दुसऱ्या तुकड्यात पालथं कार्ड उलटतं. फक्त उलटतं हां. इफेक्ट अजून नाही. माझी ओट्यावरची आरडाओरड, आधी उलटला आधी उलटला, ती म्हणजे अर्धी बरोबर होती. उलटला आधी, पण बोलायची पाळी त्याची अजून आलेली नाही.

तोवर डाव फिरवायची संधी पण याच टप्प्यात. ऑनेस्ट नावाचं एक कार्ड आहे, हातातून टाकायचं, आपला लाइट गटातला मॉन्स्टर लढत असला की त्याच्या आकड्यात समोरच्याचा अख्खा आकडा मिळवायचा. म्हणजे माझा १४००चा फडतूस, समोर ३०००चा ड्रॅगन, ऑनेस्ट टाकला की माझा झाला ४४००, ड्रॅगन फुटला न् मालकाचे चौदाशे गेले. गंमत बघा, समोर कोणीही असू दे, फरक नेहमी आपल्या मूळ आकड्याएवढाच निघतो. समोरचा जितका मोठा तितका आपण मोठे. म्हणून हातात पाच कार्डं धरून शांत बसलेल्या माणसावर अटॅक करताना पोटात गोळा येतो, टेबलावर काय दिसतंय त्याला अर्थच नाही.

तिसरा तुकडा हिशोबाचा. आता आकडे बघायचे, वजाबाकी करायची, पॉइंट कापायचे. अगदी हिशोबाच्या तोंडावर क्युरिबो टाकता येतो, तो केसाळ गोळा, ३००/२००, हातातून फेकला की त्या लढाईचं मालकाला काही लागत नाही. कोण मरणार हे इथं ठरतं. ठरतं फक्त.

आणि चौथा तुकडा हिशोबानंतरचा. उलटल्यावर चालणारे इफेक्ट, ते फ्लिपवाले, ते इथं चालतात. मॅन-ईटर बग इथं बोलतो. मेलाय का? हो, ठरलंय की मेला. गेलाय का? नाही. अजून टेबलावरच आहे. लढाईत मेलेला मॉन्स्टर ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, जातो तो पाचव्या तुकड्यात, सगळ्यात शेवटी. म्हणजे किडा मेल्याचं पक्कं झाल्यावर, पण उचलून न्यायच्या आधी, तो बोट दाखवून सांगतो की याला घेऊन जातो. आणि ज्याच्यावर बोट ठेवलं तो लगेच फुटतो, त्याच क्षणी ग्रेव्हयार्डात. म्हणजे मारणारा ड्रॅगन आधी जातो, मेलेला किडा त्याच्या मागून.

हे मी वाचलं तेव्हा पहाटेचे दोन आणि मी एकटा हसत होतो.

मला हे कशासारखं वाटलं सांगू का, कबड्डीसारखं. चढाईवाला आत जातो, एकाला हात लावतो. लागलेला बाद झाला का? अजून नाही. चढाईवाला मधल्या रेषेला परत येईपर्यंत तो मैदानातच आहे, आणि त्याला पूर्ण हक्क आहे चढाईवाल्याचा पाय धरायचा. किती वेळा बघितलंय, ज्याला हात लागला त्यानंच पकड केली. कोणी म्हणतं का, तू तर बाद झालास, तू कसा धरतोस? हे उदाहरण मला तेव्हा सुचलं असतं तर मामानंही पत्ते खाली ठेवले असते, मामा तालुक्याला खेळलेला.

पाचव्या तुकड्याचे पण लाभार्थी आहेत. मिस्टिक टोमॅटो म्हणून एक टमाटा आहे, खरंच टमाटा, १४००/११००, तो लढाईत मरून ग्रेव्हयार्डात पोचला की मगच आपल्या डेकमधून डार्क गटाचा १५०० किंवा त्याच्या आतला एक मॉन्स्टर बोलावतो. किड्याचं काम मरता मरता, टमाट्याचं मेल्यावर. दोघांची वेळ वेगळी न् ती वेळ पुस्तकात पक्की छापलेली. हे ज्यानं कुणी बसून आखलंय त्याला दंडवत. काझुकी ताकाहाशींनी १९९६ला कॉमिक सुरू केलं तेव्हा पत्ते हा त्याच्यातला एक खेळ होता फक्त, बाकी वेगवेगळे खेळ असायचे. ताकाहाशी २०२२च्या जुलैत गेले, त्याच वर्षी जानेवारीत हे मोबाइलवरचं मास्टर ड्युएल आलं होतं, भाचा खेळतो ते. त्याच्यात कुणाला काही पाठ करावं लागत नाही, गेमच थांबून विचारतो, तुमची पाळी आहे, काही करायचंय का. भांडायची सोयच ठेवली नाही.

तर काल सकाळी मी मामेभावाला फोन लावला. तो आता गावातच असतो, शेती आणि जोडीला कृषी केंद्र, दुकानात गिऱ्हाईक होतं. "बोल भो, काय म्हनस?" म्हटलं, २००६ची आखाजी आठवते का. तो म्हणे कोणती. म्हटलं मॅन-ईटर बग. दोन सेकंद शांत, मग असा हसला की गिऱ्हाईक पण हसल्याचं ऐकू आलं. म्हणे, "आते मी किडा माराना औषधच ईकस."

मी त्याला सगळं सांगितलं. पाच तुकडे, हिशोबानंतरचा क्षण, कबड्डी, सगळं, मधे दोनदा त्यानं थांब म्हणून कुणाला तरी बियाण्याची बॅग दिली, पण ऐकलं पूर्ण. आणि वर मी ते बळीचं पण काढलं, की ब्लू-आईज दोन मॉन्स्टरचे बळी दिल्याशिवाय येतच नाही, तू तर सरळ टाकायचास. तर म्हणे टीव्हीवर तसंच व्हतं. हे त्याचं बरोबर आहे, मी सोडून दिलं.

किडा पण मान्य केला त्यानं. म्हणे ठीक शे, गया मना ड्रॅगन. मी म्हटलं मग? मग झालं ना, मी बरोबर होतो ना? त्यानं थोडा वेळ घेतला आणि एकदम शांतपणे, जसं उधारीची आठवण करतात तसं, म्हणे, "मना ला जिन व्हता ना बाजूले. त्याना अटॅक बाकी व्हता. तुना बाराशे. बाराशेमा अठराशे, कर हिशोब."

मी हिशोब केला. ड्रॅगन गेला, किडा गेला, माझ्याकडे टेबलावर काही नाही, ला जिन सरळ माझ्यावर, अठराशे, माझे बाराशे. मी मेलोच होतो. तसंही मेलो होतो. म्हणजे वीस वर्षं मी जो डाव मनात जिंकत आलोय, तो नियमानं पण हरलेलाच होता. तो म्हणे आखाजीले ये, पुरनपोया खाऊत, आणि फोन ठेवला, गिऱ्हाईक थांबलं होतं.

मी तोंड पाडून बसलो तर भाचा शेजारीच होता, स्पीकरवर सगळं ऐकलेलं. त्यानं मोबाइलवरून मान पण वर केली नाही. म्हणे, "मामा, पण तू ला जिनला का नाही टार्गेट केलं? ड्रॅगनचा अटॅक तर होऊन गेला होता ना."

मी त्याला म्हटलं, दूध पी आणि कूलरमध्ये पाणी टाक जा.